गुळाभोवतीची ओल

आवडी, चेन्नई, ९ फेब्रुवारी २०२५

सौ. प्रमोदिनीस,

तू फोन उचलत नाहीस. ऊर्मीला केला तर ती म्हणते, "बाबा, आईला काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा. वाचेल की नाही, मला माहीत नाही." मागे जावयाचा आवाज येत होता. म्हणजे लेकीच्या घरी सगळ्यांना कळलंय. ठीक आहे, लिहितो.

मी मजेत आहे. सकाळी उपमा करतो, दुपारी मेसमधून सांबार-भात आणतो. रेशनचं तेवढं जमत नाही, तो बायोमेट्रिकवाला तुझाच अंगठा मागतो.

तू संक्रांतीची एक गोष्ट धरून बसलीस आणि रथसप्तमी उलटल्याबरोबर बॅग भरून पुण्याला निघालीस. अगं, गंमत होती ती. टी. नगरच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळाची एवढी माणसं होती, सगळी हसली. तू केलेल्या तिळगुळाच्या रोलांपैकी एक मी कापला. आत पीठ ओलं दिसलं. शेजारी हळदीकुंकवाचं तबक होतं, त्यात बोट बुडवून रोलवर लाल ठिपका लावला आणि म्हटलं, "रिजेक्ट." एवढंच ना? कारखान्यात जन्मभर मी दुसरं काय केलं? नापास मालाला लाल ठिपका. इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो, मंडळात लहान पोरांनाही ते ठाऊक आहे. आणि रोल आतून कच्चा होता हे तूही मान्य कर. डोळ्यांना दिसत होतं.

असो, भांडायला लिहीत नाही.

अवनीचा फोन आला होता. मंडळाची नवी सेक्रेटरी, ती श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कंपनीत आहे बघ. गुढीपाडव्याला तुझे पुरणाचे पाव हवेत म्हणाली, सगळ्यांना एकेक. "काकू आहेत का?" मी म्हटलं, आहे, पण गुडघा धरलाय, पडली आहे जरा. "मग जमेल ना त्यांना?" म्हटलं, जमेल की, न जमायला काय झालं.

का म्हटलं ते विचारू नकोस. बायको घर सोडून गेली हे त्या पोरीला फोनवर सांगायचं होतं का मी?

पाडवा तीस मार्चला आहे. तोवर येशीलच. जावयाला, मकरंदला सांग, तिकीट काढून देईल.

यीस्टचा डबा कुठे ठेवतेस?

संजीव


आवडी, २३ फेब्रुवारी

सौ. प्रमोदिनीस,

यीस्ट सापडलं. फ्रिजच्या दारात, कढीपत्त्याच्या मागे.

तू उत्तर पाठवलं नाहीस, तेव्हा मी नुसता हात घालून बघितला. ओव्हन माझा आहे, रिटायर झालो तेव्हा मीच घेतला, तो वापरायला मला कुणाची परवानगी नको. मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ लावला. बाई म्हणाल्या, पीठ मळून झाकून तासभर ठेवा, दुप्पट होईल. मी घड्याळाचा माणूस. बरोबर तासभर ठेवलं. जाऊन बघतो तर झाकण वर उचललेलं, पीठ परातीच्या कडेवरून खाली उतरतंय, आणि घरभर ताडीचा वास. तसंच भाजलं. वरून रंग झकास, पाव खाली बसका, चव आंबट. मैना खाईल म्हणून खिडकीत तुकडा ठेवला, तिनेही खाल्ला नाही.

दुसऱ्यांदा तेच. मी मैद्याला दोष दिला. तिसऱ्यांदा यीस्टला दिला. मग चहा पिताना डोक्यात आलं की त्या व्हिडिओतल्या बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांचा तास वेगळा, आपला वेगळा. आपल्याकडे आत्ता फेब्रुवारीतच पंखा तीनवर असतो.

मग आठवलं. तू पीठ झाकून ठेवायचीस आणि घड्याळाकडे बघायचीच नाहीस. काम करता करता यायचीस, बोटाने दाबायचीस, खळगा हळूहळू भरून आला की म्हणायचीस, "झालं." आणि मी बाहेरून ओरडायचो, "मिनिटं लिहून ठेव ना, असं अंदाजपंचे काय करतेस?" तू म्हणायचीस, "अहो, पीठ सांगतं." मी त्यावर पाहुण्यांसमोर सुद्धा हसलोय.

काल बोटाने दाबून बघितलं. मला काही सांगितलं नाही त्याने. पण आज थोडं कळल्यासारखं वाटलं.

तिकीट अजून काढलं नसशील तर काढून घे. पाडव्याचं मी अवनीला कबूल करून बसलोय.

संजीव


आवडी, १२ मार्च

प्रमोदिनी,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली. ऊर्मीला हे पत्र वाचू देऊ नकोस.

तुझ्या कपाटात राहिलेल्या साड्यांतली मी रोज एक काढतो, बादलीत बुचकळतो आणि बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घालतो. आपली बिल्डिंग म्हणजे सगळे कारखान्यातलेच, कुणाच्या दोरीवर काय आहे यावर सगळ्यांची नजर. साडी दिसली म्हणजे बाई घरात आहे. दुपारी तुझ्या खोलीतला रेडिओ लावून ठेवतो. भाजीवाली खालून विचारते, "अम्मा एंगे?" मी मानेने आतल्या खोलीकडे दाखवतो. तोंडाने खोटं बोलत नाही. एवढंच काय ते समाधान.

परवा तुझी जांभळी इरकल दोरीवर टाकली, काठ दुमडला गेला होता. तो सरळ करायला हात वर केला आणि माझी मलाच लाज वाटली. बासष्टीचा माणूस मी, कारखान्यात लोक उठून उभे राहायचे, आणि इथे स्वच्छ साड्या भिजवून वाळवतोय. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. काय करणार? दोरी रिकामी दिसली असती.

आता पावांचं सांगतो. पुरण केलं. यंत्र मिळालं नाही, चाळणीवर घासलं. पहिल्या खेपेला पाव तळाशी फुटले आणि पुरण ट्रेवर वाहून आलं. तू तोंड बंद करून चिमटून खाली घालायचीस ते लक्षात आलं, तसं केल्यावर राहिले. रंग चांगला आला. मी एक कापला.

आत पुरणाभोवती ओलं कडं.

मी म्हटलं, बघ. कच्चा. ट्रे परत आत ढकलला. पुन्हा एक कापला, पुन्हा तसंच. मग मला चेव आला. एक पाव मुद्दाम आत ठेवला, वरून कोळसा होईपर्यंत. घरात धूर झाला. बाहेर काढून कापायला गेलो तर सुरी सरकेना. पाव नव्हताच तो, टोस्टपेक्षा टणक झालेला. आणि आत पुरणाभोवती तेच ओलं कडं, तेवढंच. बोटाने चोळून पाहिलं. पिठासारखं चिकटत नव्हतं, गुळासारखं चिकटत होतं.

म्हणजे भाजताना गूळ पातळ होतो आणि भोवतालच्या पावात मुरतो. पुरण असो की तीळगूळ, गुळाचं तसं होणारच असं दिसतं.

असो. उन्हाळा लागला इथे.

संजीव


आवडी, ३१ मार्च

प्रमोदिनी,

पाडवा छान पार पडला.

आदल्या दिवशीपासून मळत होतो. तुझे सगळे स्टीलचे डबे वापरले. लोकलने सेंट्रल, तिथून पुढे माम्बलम, खांद्याला पिशव्या. डब्यात समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, काय आहे एवढं वासाचं? म्हटलं, घरचे पाव. तिला एक दिला.

हॉलमध्ये पाव संपले. सगळ्यांनी तुझी चौकशी केली. अवनीने दोन खाल्ले. "काकूंना सांगा, असे कुठेच मिळत नाहीत," म्हणाली. महेश आणि शर्मिष्ठावहिनी भेटले, ते बँकेतले. वहिनी तुझ्या गुडघ्याला लावायला तेल घेऊन येते म्हणत होत्या, मी नको म्हटलं.

एकूण चांगलं झालं. तुझं नाव झालं.

संजीव


आवडी, ३ एप्रिल

प्रमोदिनी,

परवाचं पत्र अर्धं आहे. खोटं नाही, पण अर्धं. टपालात टाकून आलो तेव्हापासून जेवण जात नाही. उरलेलं लिहितो.

पाव वाटून झाले होते. सगळे खात होते. महेशने आपला पाव मधोमध फोडला, माझ्यासमोर धरला आणि मोठ्याने म्हणाला, "काय इन्स्पेक्टर, आत ओलं दिसतंय. संक्रांतीसारखंच का?" झालं, सगळे वळून बघायला लागले. पाडव्याच्या गुढीसमोर पूजेचं ताट होतं. महेशने ते माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, "लावा ठिपका."

मला माहीत होतं ते ओलं काय आहे. तो कोळसा झालेला पाव मी स्वतः कापून बघितला होता. त्या हॉलमध्ये तो पाव पास आहे हे छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा मीच एकटा माणूस होतो. आणि पावही माझेच होते.

मी कुंकवात बोट बुडवलं आणि ठिपका लावला. "रिजेक्ट," म्हटलं. सगळे हसले. मी वर आणखी म्हणालो, "सांगतो तिला. जरा जास्त भाजत जा म्हणावं."

मी केलेले पाव, त्यात काही खोट नाही, आणि नसलेली खोट मी तुझ्या नावावर टाकून आलो. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मला ओळखता आलं नाही असं तरी म्हणता येईल. यावेळी काय म्हणू?

का केलं, तेही सांगतो. विचारशील म्हणून नाही, तू विचारणार नाहीस. संक्रांतीला सगळी माणसं तुझ्या टेबलाभोवती होती. कुणी कृती विचारत होतं, कुणी क्लास घ्या म्हणत होतं. मी हातात कागदी बशी धरून खांबापाशी उभा होतो. कुणीतरी मला म्हणालं, "काका, जरा सरकता का, फोटोत येताय." दोन वर्षं झाली रिटायर होऊन. दोन वर्षांत कुणी मला काही तपासायला दिलं नाही. मग मी स्वतःच घेतलं. समोर तुझाच रोल होता.

तो ठिपका लावल्यावर आठ-दहा बायकांनी आपापल्या बशीतला रोल हळूच खाली ठेवला. तू एकेक बशी उचलून आत नेलीस. तेव्हा मला वाटलं होतं, हिला गंमत कळत नाही. घरी येताना लोकलमध्ये तू डबा मांडीवर घेऊन बसली होतीस, न खाल्लेल्या रोलांचा. मी तुला म्हटलं होतं, "तोंड काय पाडतेस एवढं?"

आता तेच डबे मी घेऊन जातो-येतो. जड असतात.

संजीव


आवडी, १५ एप्रिल

प्रमोदिनी,

काल तमिळ वर्षारंभ. वरच्या मजल्यावरचे वेंकोबाराव वाटीत कैरी-गुळाची मांगा पच्चडी घेऊन आले. तुझी आणि त्यांच्या बायकोची चांगली गट्टी होती, त्या गेल्यापासून ते कुणाकडे फारसे जात नाहीत. तंजावरकडचे मराठी, त्यांचं मराठी ऐकून मी एरवी हसू दाबतो. काल दाबायची वेळ आली नाही.

मी सवयीने म्हटलं, "प्रमोदिनी आत पडली आहे."

ते खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "संजीवराव, बाइको गांवाला गेलीत ते अस्क्यांस ठावुक आहे पा. लुगडीं रोज सुकतात. झंपर एकही दिवस सुकला नाही."

अस्क्यांस म्हणजे सगळ्यांना. म्हणजे भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळी बिल्डिंग. नुसत्या साड्या, ब्लाउज नाही, परकर नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी आयुष्य तपासणीत घालवलेला माणूस. लोक खालून दोरीकडे बघत होते आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसत होते. भाजीवाली रोज "अम्मा एंगे?" विचारायची ती खरंच विचारत होती की मला एक संधी देत होती, कोण जाणे.

मी वेंकोबारावांना म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "काय बोलूं? माझी बाइको गेली तेव्हां तिचें लुगडें मीही सहा महिने दोरीवर ठेवलें. तुमची तर आहे. जाऊन घेऊन या."

मी म्हटलं, ती यायची नाही. कशावरून, म्हणाले. मग मी त्यांना ठिपक्याचं सगळं सांगितलं. संक्रांतीचंही आणि पाडव्याचंही.  मला वाटलं, ते म्हणतील 'परवाइल्लै', चालायचंच. म्हणाले नाहीत. "कुंकवानें?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते उठून वर गेले.

दोरीवरची साडी काढली, घडी घालून कपाटात ठेवली. आता दोरीवर माझेच दोन शर्ट असतात.

संजीव


आवडी, २ मे

प्रमोदिनी,

काल महाराष्ट्र दिन होता. मंडळाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये. अवनीने पाव सांगितले नव्हते, मीच फोन करून म्हटलं, आणतो.

उन्हामुळे पीठ हाताखालीच फुगायला लागतं. बर्फाचं पाणी घालून मळलं, परातीखाली ओला पंचा ठेवला. निम्म्यात तिळगुळाचं सारण भरलं, निम्म्यात पुरण. दाबून बघितलं, खळगा हळू भरला. यावेळी पिठाने सांगितलं. हे तुला लिहिताना बरं वाटतंय म्हणून लिहितो, शाबासकी नको.

नाच-गाणी झाली, चहा व्हायचा होता. मी स्टेजवर गेलो. माइकवर जायची मला सवय नाही. एक पाव हातात घेऊन सगळ्यांसमोर सुरीने कापला आणि आतलं ओलं कडं दाखवलं. म्हटलं, "हे कच्चं नाही. गूळ मुरतो तो. मी कोळसा होईपर्यंत भाजून बघितलंय, कडं तसंच राहतं. संक्रांतीचे प्रमोदिनीचे रोल नीट भाजलेले होते. मला तपासता आलं नाही."

तिथे थांबलो असतो तर चाललं असतं. काहींनी टाळ्या वाजवायला हात वर केलेसुद्धा. पण मी पुढे बोललो. म्हटलं, "पाडव्याचे पाव तिचे नव्हते, मी केले होते. ते चांगले आहेत हे मला माहीत होतं, तरी मी ठिपका लावला आणि तिचं नाव घेतलं. तिचा गुडघा दुखत नाही. ती फेब्रुवारीतच लेकीकडे गेली. माझ्यामुळे गेली."



महेश म्हणाला, "अहो संजीवराव, गंमत होती ती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" अगदी माझंच वाक्य.

शर्मिष्ठावहिनी उठल्या. महेशकडे बघितलं नाही त्यांनी, माझ्याकडेही नाही. म्हणाल्या, "ती गंमत नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी हसले. आणि माझा रोल खाली ठेवला. प्रमोदिनीने माझ्या हातातली बशी घेतली तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली होती." मग त्या टेबलापाशी आल्या, तिळगुळाचा एक पाव घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. बाकीच्या बायका आल्या. पुरुष जरा वेळाने आले.  चांगला झालाय असं कुणी म्हणालं नाही. नुसते खात होते.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. येताना लोकलमध्ये डबे रिकामे होते, आणि मला तुझा त्या दिवशीचा भरलेला डबा दिसत होता. तू तो घरी आणून काय केलास, हे मी कधी विचारलं नाही. फेकला नसशील. तू अन्न फेकत नाहीस. म्हणजे चार दिवस नाश्त्याला तू कापून शेकून दिलेले तेच रोल मी खात होतो, आणि चहात बुडवून वर म्हणत होतो, "आज काय आणलंस हे, छान आहे."

आत्ता आठवलं ते. हे पत्र लिहिता लिहिता.

संजीव


आवडी, २५ मे

प्रमोदिनी,

काल ऊर्मीचा फोन आला. स्वतःहून. म्हणाली, "बाबा, आईने तुमची सगळी पत्रं वाचली."

मी खुर्ची ओढून बसलो. खोटं कशाला लिहू, तेवढ्या वेळात मी मनात पुष्कळ काही करून टाकलं. तुझी खोली पुसली, सेंट्रलवर तुला घ्यायला आलो, हमाल नको म्हणून तुझी बॅग स्वतः उचलली.

ऊर्मी म्हणाली, "आईने इथे क्लास सुरू केलाय. सोसायटीतल्या बायका येतात, निधी म्हणून एक आहे तिच्या घरी. पण तिचा ओव्हन लहान आहे. आई म्हणते, ओव्हन पाठवून द्या."

मी विचारलं, "आणखी काही म्हणाली?"

"नाही बाबा. एवढंच."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसलो. त्याच्या काचेत मी दिसत होतो. राग आला असता मला एरवी. माझा ओव्हन, मी घेतलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलेला. राग आला नाही. हिने काहीतरी मागितलं, एवढंच वाटत राहिलं. एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे तोंडाने काय मागितलं होतंस, ते आठवायला बसलो तर आठवेना.

सकाळी शेवटचा एक घाणा केला. तिळगुळाचे. बर्फाचं पाणी घेतलं. वेंकोबारावांना चार दिले, भाजीवालीला दोन. तिने विचारलं, "अम्मा एंगे?" मी म्हटलं, पुण्याला आहे, लेकीकडे. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. आणि मिरच्यांवर कढीपत्ता घालून दिला.

एक पाव कापून बघितला. सवय जात नाही. कडं ओलं होतं, जसं असायला हवं तसं.

मग ओव्हन गार झाल्यावर आतून-बाहेरून पुसला, जाळ्या घासल्या, काच वर्तमानपत्राने गुंडाळली. ट्रे वेगळे बांधलेत, तुझी परात आणि पुरणयंत्रही घातलंय. ते माळ्यावर सापडलं, मी खाली शोधत होतो. एक सांगून ठेवतो. मागचा डावा कोपरा जास्त तापतो, त्या बाजूचे पाव आधी काढावे लागतात, नाहीतर ट्रे मध्येच फिरवावा लागतो. तुला हे पहिल्या आठवड्यातच कळलं असेल. तू मध्येच दार उघडून ट्रे फिरवायचीस, तेव्हा मी म्हणायचो, दार कशाला उघडतेस सारखं.

ओव्हनबरोबर मीही येऊ का, असं विचारणार नाही. तू ओव्हन मागितलास, ओव्हन पाठवतोय.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात न्यायला वेंकोबाराव बरोबर आले, दोघांनी मिळून रिक्षातून उतरवला. काउंटरवरच्या माणसाने खोकं मोजलं, विचारलं, "ओनर पेर एन्ना सार?" मी तुझं नाव सांगितलं. त्याला ते लिहिता येईना. दोनदा सांगितलं, तरी 'प्रमोद'च्या पुढे तो जाईना. शेवटी हसून त्याने मार्कर माझ्या हातात दिला, तुम्हीच लिहा म्हणाला.

तो लाल होता. मी काळा मागून घेतला.

संजीव